जुन्या सीड्यांचं काय काय करता येतं? गणपतीची आरास आणि इतर

कात्रीबाई
माझ्या मामाची तालुक्याच्या गावी सीडी भाड्याने द्यायची लायब्ररी होती. ती बंद होऊन जमाना झाला पण माल सगळा माळ्यावर तसाच पडून होता, आता ते घर पाडायचंय म्हणून दोन पोती सीड्या माझ्याकडे आल्यात कारण घरात सगळ्यांचं मत असं की हिला कचऱ्यातून काहीतरी करायची हौस आहे तर हिच्याच गळ्यात मारा. भंगारवाला किलोवर मागतोय आणि भाव असा सांगतो की रिक्षाचं भाडं पण निघणार नाही.

तर यावर्षी सोसायटीच्या गणपतीची मागची भिंत यातून करावी असं डोक्यात आहे. नेटवर शोधलं तर सगळीकडे तेच ते, सीडीवर कुंदन, सीडीवर लोकर, सीडीवर चमकी. माझं स्पष्ट मत आहे, की सीडीची चमक झाकूनच टाकायची असेल तर सीडी कशाला हवी, लग्नपत्रिकेचा पुठ्ठा काय वाईट? चमक वापरणारं काहीतरी सुचवा. आणि कापता कशा, चिकटवता कशाने तेही सांगा, कारण माझ्या कात्रीखाली त्या तडकतायत.

रांगोळीवाली_काकू
पुठ्ठा वाईट आहे बाई, सांगते ना. पुठ्ठ्याची कुंदन रांगोळी फरशी पुसताना एकदा ओली झाली की फुगते. सीडी धुवून पुसून पुढच्या दिवाळीला परत काढता येते. शिवाय अगदी गोल, सगळ्या एका मापाच्या, कंपास घेऊन बसावं लागत नाही. मी गेली कित्येक वर्षं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून सीडीचे छोटे रांगोळीचे तुकडे देते, बायका आवडीने नेतात. तेव्हा झाकणाऱ्यांना एकदम मोडीत काढू नका 🙂

बंडूची_आत्या
काकू +1. आणि रुखवतात सीडीचा मोर नसेल तर लग्न लागतं का? आमच्या चुलत बहिणीच्या रुखवतात सीडीचा मोर, सीडीचं कासव आणि सीडीचं घड्याळ होतं, घड्याळ अजून चालतंय. मोर कुठे गेला ते विचारू नका, सासूबाईंनी दोन महिन्यांत बोळवण केली.

प्रकाशकाका
कात्रीबाई, तुमचा मुद्दा पटला म्हणून सविस्तर लिहितो.

सीडी चमकते ती नुसत्या आरशासारखी नाही. 120 मिमी व्यासाची, 1.2 मिमी जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती, तिच्या वरच्या अंगाला (छापील बाजूकडे) माहितीचा मार्ग आतून बाहेर गोल गोल फिरत जातो, दोन वेढ्यांमधलं अंतर 1.6 मायक्रॉन. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये 625 रेघा. 74 मिनिटांच्या सीडीतला हा मार्ग उलगडला तर पाच किलोमीटरच्या वर भरेल. इतक्या जवळजवळच्या रेघांवरून प्रकाश परतताना प्रत्येक रंग वेगळ्या कोनात जातो, म्हणून रंग दिसतात. डीव्हीडीत हेच अंतर 0.74 मायक्रॉन आहे, त्यामुळे तिच्यात रंग जास्त फाकतात. दोन्ही शेजारी धरून बघा, फरक लगेच कळेल.

आता आराशीच्या दृष्टीने याचा अर्थ काय? उजेड सगळीकडून सारखा येत असेल, म्हणजे मंडपातल्या ट्यूबलाइटी, तर रंग एकमेकांत मिसळून सीडी करडी-चंदेरी दिसते. उजेड एका बिंदूतून आला, म्हणजे एखादा छोटा पांढरा एलईडी किंवा स्पॉट, की चकतीवर इंद्रधनुष्याचे पट्टे उमटतात. तेव्हा तुम्ही सीड्यांवर जितका विचार करताय तितकाच दिव्यांवर करा. ट्यूब बंद ठेवून दोन-तीन स्पॉट तिरके मारले तर तुमचं अर्धं काम तिथेच झालं.

कात्रीबाई
काका, हे भारी आहे! म्हणजे नेटवरच्या फोटोत झगमगतं आणि आपण केलं की फिकं दिसतं ते यामुळे होय.

फुटकी_फरशी
मोझॅक करते मी, घरच्या कुंड्या आणि टेबलं. कापायचं सांगते.

सीडी थंड असताना कापली की तडकते आणि वरचा चंदेरी पापुद्रा सुटतो. उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवायची, चिमट्याने बाहेर काढायची आणि गरम आहे तोवर कापायची. साधी कात्री नको, पत्रा कापायची कात्री हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती घ्या. मध्यापासून कडेकडे कापत जा. थंड झाली की परत पाण्यात. डोळ्यांना गॉगल हवाच, कपच्या कुठेही उडतात आणि काचेसारख्या धारदार असतात, पोरांना या कामाला बसवू नका. कडा कानशीने किंवा पॉलिश पेपरने मारून घ्या.

आता चिकटवणं. इथे खरी गोम आहे आणि व्हिडिओवाले हे कुणी सांगत नाहीत. आपल्याला चमकती बाजू वर हवी म्हणून डिंक लागतो छापील बाजूला. पण छापील बाजूला वर शाई, तिच्याखाली लॅकरचा पातळ थर, त्याच्याखाली अल्युमिनियमचा त्याहून पातळ थर, आणि मग प्लास्टिक. तुमचा डिंक कितीही चांगला असू दे तो शाईला धरून बसतो, आणि सुटतं ते अल्युमिनियम प्लास्टिकपासून. तुकडा निघून हातात येतो तेव्हा तो पारदर्शक असतो आणि चांदी भिंतीवर राहिलेली असते. म्हणून मी नुसत्या डिंकावर भरवसा ठेवत नाही, तुकड्यांच्या फटीत पांढऱ्या सिमेंटचं किंवा ग्राउटचं भरण करून कडा दाबून घेते. कडा बंद झाल्या की आत पाणीही जात नाही.

आणि तुळशीवृंदावनाला सीडीचे तुकडे लावू नका. रोज पाणी पडतं, ऊन लागतं, कडेने अल्युमिनियम खाल्लं जातं आणि एका पावसाळ्यात जागोजागी खिडक्या पडतात.

बंडूची_आत्या
फेविकॉल?

फुटकी_फरशी
फेविकॉल लाकूड-कागदाचा. तो पाणी सुकून धरतो, आणि दोन प्लास्टिकच्या मध्ये पाणी जाणार कुठे? दोन दिवसांनी पण आत ओलाच असतो. सीडीखाली लाकूड किंवा एमडीएफ असेल तर चालून जातं. सीडीला सीडी जोडायची तर दोन भागवाला इपॉक्सी, आणि आधी पॉलिश पेपर मारून खरखरीत करा. हॉट ग्लू आराशीपुरता ठीक पण उन्हाळ्यात सुटतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने आजूबाजूला पांढरी वाफ धरते, चमकीची वाट लागते. आणि नेलपॉलिश रिमूव्हरने सीडीवरचा डिंक पुसायला जाऊ नका, ॲसिटोन पॉलिकार्बोनेटला खातं, बारीक चिरा पडून पांढरं होतं. साबणाचं पाणी किंवा खोबरेल तेल लावा.

हुरडा_पार्टी
आमी तासगावकडची माणसं, आमाला सीडी म्हणलं की द्राक्षबाग आठवती. पाखरं येऊ नयेत म्हणून सुतळीला बांधून लटकवायच्या. पहिल्यांदा लावल्या की पाखरं बिचकतात खरं, पण ती काय खुळी न्हाईत. आठवडाभरात त्यांना कळतं की हे नुसतं चमकतंय, काय करत न्हाई. मग सीडीच्या शेजारी बसून द्राक्षं खातात. जागा बदलत ऱ्हायलं, मधी आवाज केला, चमकती पट्टी लावली तर जरा बरं. खरी राखण जाळीचीच.

गॅलरीतलं_कबूतर
पुण्यात कबुतरांना तर चार दिवससुद्धा भीती वाटत नाही. आमच्या गॅलरीत सीडीखालीच अंडी घातली होती. जाळी बसवा, विषय संपवा.

कोल्हापुरी_ठसका
उसाच्या ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागं सीड्या लावलेल्या बघितल्यात की. रात्रीच्याला गाडीचा उजेड पडला की चमकतात. फुकटात रिफ्लेक्टर.

प्रकाशकाका
ठसकेराव, हे मात्र करू नका आणि कुणी करत असेल तर सांगा. सीडी हा सपाट आरसा आहे. उजेड अगदी समोरून काटकोनात पडला तरच तो आल्या वाटेने परत जातो, जरा तिरका पडला की दुसरीकडेच फेकला जातो. खऱ्या रिफ्लेक्टरमध्ये बारीक प्रिझम किंवा काचेचे मणी असतात, ते बऱ्यापैकी तिरक्या कोनातून आलेला उजेडही गाडीच्या दिशेनेच परत पाठवतात. सीडी लावलेली ट्रॉली वळणावर उभी असेल तर मागच्या ड्रायव्हरला काहीही दिसणार नाही. लाल रिफ्लेक्टरची पट्टी आणा. सीडी शोभेला लावायची तर वर लावा, पट्टी झाकली जाणार नाही अशी.

हे लिहितोय तर अजून एक. सूर्यग्रहण सीडीतून बघायचं नाही. सीडीतून सूर्य मंद दिसतो म्हणून लोकांना वाटतं सुरक्षित आहे, पण प्रत्येक सीडीतला धातूचा थर वेगळा असतो आणि न दिसणारे अवरक्त किरण किती आत येतात ते डोळ्याला कळत नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखत नाही, त्यामुळे इजा झाल्याचं नंतरच समजतं. 2 ऑगस्ट 2027 ला आपल्याकडे खंडग्रास दिसणार आहे, तेव्हा हा उपाय व्हॉट्सॅपवर परत फिरेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. ग्रहणाचे चष्मे घ्या नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून भिंतीवर प्रतिमा बघा.

चिकू_मॅडम
शाळेत चित्रकला शिकवते. कात्रीबाईंना हवंय तसं एक सांगते, चमक वापरणारं. सीडीवर वारली.

चमकत्या बाजूला ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात द्यायचे, गेरूचा रंग किंवा काळा. त्याआधी सीडी भांड्याच्या साबणाने धुवून पूर्ण कोरडी करा, बोटांचे ठसे राहिले की तिथला रंग सुटतो. इथे पॉलिश पेपर मारायचा नाही, चमक जाते. रंग हाताला लागेनासा झाला पण अजून कडक झाला नाही अशा वेळी लाकडी टूथपिकने किंवा वाळलेल्या बॉलपेनच्या टोकाने चित्र खरवडायचं. खरवडलं की खालून चंदेरी रेघ निघते, आणि सीडी हलवली की त्या रेघांमधून रंग पळतात. पूर्ण वाळू दिलं तर रंगाचा पापुद्राच निघतो, म्हणून वर्गात सगळ्यांना एकदम रंगवायला लावत नाही, निम्मी मुलं रंगवतात तेव्हा निम्मी कागदावर सराव करतात. शेवटी वरून वॉर्निशचा स्प्रे.

आणि बघा ना, वारलीतला तारपा नाच हा वेटोळ्याचाच असतो, मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हात धरून फिरत गेलेली माणसांची रांग. सीडीत मधल्या भोकाची सगळ्यांना अडचण होते, मोराच्या पोटात भोक, गणपतीच्या पोटात भोक. तारपा नाचाला ती अडचण नाहीच, भोकाच्या शेजारी तारपेवाला उभा करायचा आणि तिथून रांग बाहेर सोडायची. मूळ चित्रं गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली असतात, त्यामुळे गेरूवर चंदेरी रेघ परकी वाटत नाही.

कात्रीबाई
मॅडम!!! हेच हवं होतं. आणि काका म्हणाले तसं माहितीचा मार्ग पण वेटोळाच की, आतून बाहेर जाणारा. झालं, भिंत वारलीची.

रांगोळीवाली_काकू
म्हणजे शेवटी झाकलीच ना सीडी 😄

कात्रीबाई
काकू, झाकून परत उघडली! कुंदनातून रंग पळतात का?

रांगोळीवाली_काकू
नाही पळत. मानलं. पण वाण मी कुंदनाचंच देणार.

पणजीची_पाऊसवाट
आमच्या वाड्यावर पोरं दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर करतात त्याच्या मुकुटाला आणि ढालीला सीड्या लावतात, फोकस मारला की काय दिसतो तो! पण पहाटे जाळायच्या आधी त्या सगळ्या काढून घ्यायला लावतो आम्ही मोठी माणसं. प्लास्टिक जळल्याचा धूर नाकातोंडात जातो आणि वितळलेला गोळा रस्त्याला चिकटून बसतो. काढलेल्या सीड्या पुढच्या वर्षी परत लागतात. कागद, गवत जाळा, सीडी नको.

विज्ञानवेडा_बाबा
पोरांच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी सीडीइतकी उपयोगी वस्तू नाही. तीन सांगतो.

भिंगरी: मधलं भोक 15 मिमीचं असतं, नेहमीची काचेची गोटी त्यात अडकते, थोडी खाली थोडी वर. इपॉक्सीने पक्की करा आणि फिरवा. लहान मुलांसाठी यापेक्षा चांगलं खेळणं नाही. सात रंगांचे कागदी पाचर वर चिकटवले तर न्यूटनची तबकडी.

हॉवरक्राफ्ट: पाण्याच्या बाटलीचं वर ओढून उघडायचं झाकण भोकावर चिकटवायचं, फुगा फुगवून त्याच्यावर चढवायचा, झाकण उघडलं की हवा खालून निसटते आणि सीडी हवेच्या पातळ थरावर तरंगत जाते. चकचकीत टाइल्सवर मस्त पळते, शहाबादीवर सांध्यात अडकते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी असली टाकाऊतून खेळणी वर्षानुवर्षं करून दाखवली, त्यांच्या साइटवर फुकट आहेत, मराठीतही. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

वर्णपटदर्शक: हा माझा लाडका. कॉर्नफ्लेक्सचा खोका, एका बाजूला ब्लेडने अगदी बारीक उभी फट, समोरच्या बाजूला तिरक्या खाचेत सीडी, वर बघायला छोटी खिडकी. एलईडी बल्बकडे धरा, सलग रंगपट्टा दिसतो. जुन्या सीएफएलकडे धरा, रंगाच्या सुट्ट्या सुट्ट्या रेघा दिसतात, हिरवी तर अगदी ठळक. रस्त्यावर अजून कुठे पिवळा सोडियमचा दिवा शिल्लक असेल तर पोरांना न्या. सूर्याकडे थेट धरायचा नाही, ढगाळ आकाशाकडे धरा.

साहेबाचा_ओटा
बाबा, वर्णपट निघालाच आहे तर, 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात जान्सेन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने आपल्या देशात गुंटूरला बसून सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटात चमकत्या रेघा बघितल्या, त्यातली पिवळी रेघ पुढे हेलियमची निघाली. आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावर त्या ग्रहणाच्या निरीक्षणाचे साहेबाचे ओटे म्हणून दाखवतात, माझं इथलं नाव त्यावरूनच. खोक्यात सीडी घालून पोरांना हे सांगितलं की त्यांचे डोळे जे होतात ना!

बंडूची_आत्या
धागा गणपतीच्या आराशीवरून सूर्यावर पोचला. मायबाप, खाली या.

न्यू_जर्सीकर
इकडे नव्वदच्या दशकात इंटरनेट कंपन्या पोस्टाने फुकट सीड्या पाठवायच्या, घरोघरी ढीग, तेव्हापासून कपाखाली ठेवायला तेच. सीडीचा काळा बुडाचा उभा डबा टाकू नका मात्र. मधल्या दांड्यात बांगड्या छान राहतात, वरून झाकण. आईला भारतात असे दोन पाठवले, तिने एकात सुतळीचं गुंडाळं ठेवलंय, टोक दांड्याजवळून वर काढून.

फुटकी_फरशी
कात्रीबाई, सीड्या छापील आहेत की घरी राइट केलेल्या? घरी केलेल्यांच्या खालच्या बाजूला रंगाची झाक असते, हिरवट, निळी, काही सोनेरी, त्या वेगळ्या काढा, शेजारी शेजारी लावल्या तर न रंगवता नक्षी होते. आणि त्यांचा वरचा थर सुरीने चीर देऊन पॅकिंगच्या टेपने सहज निघतो, मग पारदर्शक चकती मिळते, खिडकीत टांगायला उत्तम. छापील सीड्यांचा तो चिवट असतो. डीव्हीडी असेल तर ती मुळात 0.6 मिमीच्या दोन चकत्या चिकटवलेली असते, कडेला पात्याचं टोक घालून उकलते.

जपून_ठेवा
एक मिनिट सगळे. पोत्यात हात घालायच्या आधी बघितलंत का आत काय आहे? लायब्ररीच्या मालात लोकांच्या लग्नाच्या, मुंजीच्या सीड्या पण येऊन पडतात, फोटो स्टुडिओवाल्याच्या मार्कर पेनने लिहिलेल्या. घरच्यांपैकी कुणाची असेल तर आधी कॉपी करा. यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, शेजारपाजारी कुणाकडे असतोच. घरी राइट केलेल्या सीड्यांतला रंगाचा थर वर्षांगणिक खराब होतो, त्यामुळे आत्ता चालतेय ती नंतर चालेलच असं नाही. आणि कुणाची कागदपत्रं, बँकेचं काही असलेली सीडी असेल तर छापील बाजूने खोल ओरखडे मारा. खालच्या बाजूचे ओरखडे घासून घालवता येतात, माहिती वरच्या बाजूला असते.

कात्रीबाई
हे सांगितलंत ते बरं झालं. काल बसून निवडलं. मामीच्या भावाच्या लग्नाची निघाली, अजून दोन-चार अशाच कुणाकुणाच्या, त्या मामाकडे परत पाठवतेय, तो गावात विचारेल. बाकी बहुतेक सिनेमे.

आता भिंतीचं: आठ बाय सहा फुटांचा भाग धरलाय. मधली तारपा नाचाची, बाजूच्या कोऱ्या चमकत्या. डिंकाचं ऐकून घाबरले, मग कशाने जोडू?

फुटकी_फरशी
जोडू नका, बांधा. प्रत्येक सीडीला वर-खाली-डावीकडे-उजवीकडे कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत भोक. खाली लाकडाची फळी ठेवून बारीक ड्रिल हळू चालवा, दाबू नका. ड्रिल नसेल तर पकडीत खिळा धरून गॅसवर तापवून, पण गॅलरीत किंवा खिडकी उघडून, वास वाईट असतो. मग तांब्याच्या बारीक तारेच्या कड्या किंवा छोटे केबल टाय. जाळीसारखा पडदा होतो, गुंडाळून ठेवता येतो, पुढच्या वर्षी परत.

प्रकाशकाका
आणि टाय घट्ट आवळू नका. प्रत्येक सीडीला थोडी हलायला जागा राहिली तर पंख्याच्या वाऱ्याने कोन बदलत राहतात आणि रंग सरकत राहतात. मात्र पंखा थेट मारू नका, आरतीच्या वेळी खडखडाट होईल. स्पॉट मूर्तीच्या मागून वर तोंड करून नको, बघणाऱ्यांच्या डोळ्यांत परतेल. दोन्ही बाजूंनी खालून, साधारण 45 अंशात.

चिकू_मॅडम
निरांजन आणि समई पडद्यापासून लांब ठेवा. प्लास्टिक लगेच पेट घेत नाही पण जवळ ज्योत असली की मऊ पडून वाकतं, आणि ॲक्रिलिकचा रंग आधी करपतो.

हुरडा_पार्टी
ताई, फोटो टाका बरं का झाल्यावर. आन उरल्या तर द्राक्षाच्या सीझनला आमाला द्या, आठवडाभर तरी पाखरांची गंमत होईल.

कात्रीबाई
टाकते फोटो. उरणार तर नक्कीच, एक पोतं पुरतं. ठाणे-मुलुंडकडे कुणाला शाळेसाठी हव्या असतील तर मला इथेच निरोप करा, घरी येऊन न्यायच्या, पिशवी आपली आणायची. डबे पण आहेत, उभे काळ्या बुडाचे, ते मात्र पहिल्याने मागेल त्याला.

बंडूची_आत्या
डबा माझा! बांगड्यांसाठी. मुलुंडलाच आहे मी, रविवारी येते.